विश्लेषण : दोनदा खासदार, दोनदा पराभूत, राजू शेट्टींचे गणित कुठे चुकले?

ऊसदरासाठी साखर कारखानदारांशी भिडणारा नेता ही राजू शेट्टी यांची ओळख. रस्त्यावरची लढाई संसदेत नेणाऱ्या ‘स्वाभिमानी’च्या या संस्थापकाला गेल्या दोन लोकसभा निवडणुकांत मात्र हार पत्करावी लागली. असे का झाले?

सुरुवात कशी झाली?

शेट्टी मूळचे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेतले. २००२ मध्ये ते जिल्हा परिषदेवर आणि २००४ मध्ये शिरोळमधून अपक्ष आमदार म्हणून निवडून आले. याच काळात मूळ संघटनेशी फारकत घेऊन त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली. २००९ मध्ये हातकणंगलेत शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना लढवले. तत्कालीन खासदार, राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांचा त्यांनी सुमारे ९५ हजार मतांनी पराभव केला.

महायुतीत का गेले, का बाहेर पडले?

२०१४ मध्ये महायुतीतून लढताना त्यांचे मताधिक्य १ लाख ७७ हजारांवर गेले. मात्र कर्जमाफी आणि हमीभावावरून भाजपशी खटके उडू लागले. संघटनेचे सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाल्यावर दोघांतील दरी वाढली. २०१७ मध्ये खोत यांची हकालपट्टी झाली आणि शेट्टी ‘एनडीए’तून बाहेर पडले. पुढच्या वर्षी त्यांनी कर्जमुक्ती व हमीभावाची दोन खासगी विधेयके लोकसभेत मांडली.

पराभव कशामुळे?

२०१९ मध्ये शेट्टींनी ज्यांच्याविरोधात आयुष्य घालवले, त्याच काँग्रेस-राष्ट्रवादीशी हातमिळवणी केली. निवेदिता माने यांचे पुत्र, शिवसेनेचे धैर्यशील माने ९६ हजार मतांनी जिंकले. वंचित बहुजन आघाडीने घेतलेली मते या फरकापेक्षा जास्त होती.

२०२२ मध्ये शेट्टींनी महाविकास आघाडीही सोडली. २०२४ मध्ये ‘मशाल’ हाती न घेता ते स्वबळावर लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. माने यांचे मताधिक्य अवघे १३ हजारांचे होते. शेट्टींना मिळालेली मते होती सुमारे १ लाख ८० हजार.

मग उरले काय?

छोट्या पक्षाची कोंडी इथेच दिसते. मोठ्यांसोबत गेले तर चळवळीची धार बोथट होते, एकटे लढले तर मते पुरत नाहीत. उसाची एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा २०२२ चा सरकारी निर्णय मात्र शेट्टींच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. खासदारकी नसतानाही ऊस उत्पादकाला एकरकमी पैशाचा हक्क परत मिळाला. हा विश्वास मतपेटीत उतरवणे, हीच शेट्टींपुढची खरी परीक्षा आहे.