भुयारांतील जमाखर्च

युद्धाच्या कारखान्यांची कीर्ति गातांना तोफा किती ओतल्या, विमानें किती बांधलीं, याची मोजदाद होते. राबणारा मनुष्य त्या मोजदादींत सहसा येत नाहीं. ज्यांचा दिवस चोपडीवर जातो अशा आमच्या व्यापारी वाचकांपुढें म्हणून आज जर्मनींतील एका कारखान्याचा हिशेब मांडतों.

सन १९४३ च्या ऑगस्टांत इंग्रजी विमानांनीं बाल्टिक समुद्रकांठच्या पेनेम्युंडे येथील अग्निबाणांच्या केंद्रावर बाँबवर्षाव केला. त्यासरशी हिटलरच्या सरकारनें हा उद्योग नोर्डहाउझेन गांवाजवळील कोनश्टाइन टेकडीच्या पोटांत हलविला. तेथील भुयारें वाढविण्यास बुखेनवाल्डच्या छळछावणींतून कैदी आणले व त्यांच्या वस्तीस ‘डोरा’ हें नांव दिलें. रशियन, पोलिश, फ्रेंच; यांचा अपराध कोणता? बहुतेकांचा इतकाच कीं, त्यांचा देश जिंकला गेला किंवा त्यांनीं जिंकणाऱ्यास विरोध केला. पहिले कित्येक महिने हे लोक भुयारांतच निजत. सुरुंगांचा धुरळा, ओल, पाण्याची वाण, शौचास अर्धें कापलेलें पिंप. एक पाळी उठे, दुसरी त्याच फळ्यांवर अंग टाकी.

आतां वही उघडूं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कारखान्यास १२,००० अग्निबाणांची मागणी मिळाली. दर नगास ४०,००० मार्क. अशा कैद्यांच्या श्रमाबद्दल जर्मन कारखाने दररोज माणशीं चार ते सहा मार्क देत, तेहि कैद्यास नव्हे, तर त्यास कोंडणाऱ्या एस. एस. संघटनेस. भाड्यानें दिलेल्या बैलाचीहि निगा धनी राखतो, कारण बैल मेला तर नुकसान त्याचें. येथें एक मेला कीं दुसरा पाठवीत. डोरा व तिच्या शाखांतून सुमारें ६०,००० कैदी गेले, त्यांपैकीं सुमारें २०,००० मेले. लंडन, अँटवर्प इत्यादि शहरांवर पडून या व्ही-२ बाणांनीं जितके प्राण घेतले, त्याहून हा आंकडा कितीतरी मोठा आहे. काम बिघडविल्याच्या संशयावरून १९४५ च्या मार्चांत कित्येकांस भुयारांतच यारीला टांगलें व इतरांस तें पाहावयास लावलें.

‘वरिष्ठांस ठाऊक नव्हतें’ ही सबब येथें चालत नाहीं. शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर १९४३ च्या डिसेंबरांत स्वतः भुयारें पाहून आला, आणि काम झपाट्यानें उरकल्याबद्दल एस. एस.च्या अधिकाऱ्यास त्यानें शाबासकीचें पत्र धाडलें. त्यास पुढें न्यूरेंबर्ग येथें वीस वर्षांची सजा झाली. पण १९४७ च्या डोरा खटल्यांत कारखान्याचा मुख्य संचालक निर्दोष सुटला. उत्पादनाचा प्रमुख आर्थर रुडोल्फ अमेरिकेंत गेला व चंद्रावर माणसें नेणाऱ्या सॅटर्न यानाच्या कामाचा मुख्य झाला. भुयारांतील गोष्टींबद्दल चौकशी निघाली तेव्हां, १९८४ सालीं, त्यानें तो देश सोडला.

आणि मजुरी? २००० सालीं जर्मन सरकार व तेथील उद्योग यांनीं मिळून सक्तीच्या मजुरांसाठीं १,००० कोटी मार्कांचा निधी उभारला. छळछावणींतून वांचलेल्यास त्यांतून जास्तींत जास्त १५,००० मार्क मिळाले, तेहि नव्या चलनाचे. युद्ध संपून तोंवर पंचावन्न वर्षें लोटलीं होतीं, आणि वांचलेल्यांपैकीं बहुतेक निवर्तले होते.