दुखणं सांध्याचं, घाव पोटावर

१९३८ साली लंडनमधल्या डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी ॲस्पिरिन घेतलेल्यांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं. आतल्या अस्तराला झालेली इजा त्यांना डोळ्यांनी दिसली. बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये बनवलेलं हे औषध सॅलिसिलिक आम्लापेक्षा सुसह्य होतं, पण पोटाचा प्रश्न त्यानं सुटला नव्हता. तो सोडवण्याची धडपड आजही चालू आहे.

सूज उतरवणाऱ्या बहुतेक वेदनाशामकांच्या रेणूत कार्बॉक्सिल हा आम्लगट असतो. जठराच्या तीव्र आम्लात त्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे रेणू अस्तराच्या पेशीत सहज शिरतो. पेशीच्या आत आम्लता फारच कमी. तिथे त्यावर भार येतो, मग त्याला बाहेर पडता येत नाही. तो आत साठत जातो आणि पेशी दुखावते. हा झाला पहिला मार्ग.

दुसरा मार्ग १९७१ मध्ये जॉन व्हेन यांच्या संशोधनातून उलगडला. ही औषधं प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मिती रोखतात. वेदना आणि सूज कमी होते ती त्यामुळेच. पण जठरावरचा बुळबुळीत थर, आम्ल मारणारं बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा हे सगळं प्रोस्टाग्लॅंडिनवरच टिकून असतं. म्हणून औषध रक्तातून आलं तरी पोटाची ढाल कमकुवत होते. इंजेक्शन घेतलं म्हणजे अल्सरचा धोका टळला, असं नाही.

रसायनशास्त्रज्ञांनी आधी पहिला मार्ग अडवला. आम्लगट एस्टर बंधानं झाकायचा आणि पोट ओलांडल्यावर शरीरातल्या एन्झाइमांकडून तो बंध तोडून घ्यायचा. गिळताना निष्क्रिय आणि शरीरात सक्रिय होणाऱ्या अशा रेणूला प्रोड्रग म्हणतात. ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉल यांना एस्टरनं जोडलेलं बेनोरिलेट याच विचारातून आलं. नॅब्युमेटोनमध्ये आम्लगटच नाही. तो यकृतात तयार होतो. सुलिंडॅकही शरीरातच सक्रिय होतं, पण ते पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं. नॅब्युमेटोनचा सक्रिय रेणू तसा फिरून येत नाही, म्हणून ते तुलनेनं सौम्य मानलं जातं. तरीही रक्तातला दुसरा मार्ग दोन्ही औषधांना मोकळाच राहतो.

म्हणूनच बंध तुटतो कुठे, हा प्रोड्रगच्या रचनेतला कळीचा प्रश्न. त्याचं सर्वांत देखणं उत्तर स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांच्या सल्फासॅलॅझिनमध्ये सापडतं. त्यातला ॲझो बंध मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. आतड्याच्या दाहावर काम करतो तो त्यातून सुटणारा ५-एएसए हा भाग, असं १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. जिथे आजार तिथेच औषध मोकळं होतं. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीतही याच धर्तीच्या प्रोड्रगवर संशोधन झालं आहे.

पुढे काहींनी दुसऱ्या मार्गालाच हात घातला. जोडलेल्या भागातून जठराचं रक्षण करणारा वायू सुटावा, ही ती कल्पना. नायट्रिक ऑक्साइड देणाऱ्या नॅप्रॉक्सिनॉडला २०१० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही. हायड्रोजन सल्फाइड सोडणाऱ्या ओटेनाप्रॉक्सेसुलची दोन आठवड्यांची चाचणी २४४ निरोगी स्वयंसेवकांवर झाली. साधं नॅप्रॉक्सेन हे वेदनाशामक घेणाऱ्या ४२.१ टक्के लोकांना अल्सर झाले, तर हे औषध घेणाऱ्यांपैकी फक्त २.५ टक्क्यांना. आकडे थक्क करणारे होते. पण पुढे यकृताची एन्झाइम वाढल्याचं दिसलं आणि काम अडखळलं. पोट वाचवताना यकृताला झळ लागली, तर ते औषध सौम्य म्हणता येत नाही.

निर्धोक वेदनाशामक अजून हाती आलेलं नाही, म्हणून आपणच जपायला हवं. वय साठीपुढचं असेल, पूर्वी अल्सर झाला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामकं रोज घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर वेदनाशामक थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.