दूध घालणाऱ्याकडे तोंड असलेला डिस्प्ले

भूम तालुक्यातलं ईट आणि आसपासचा पट्टा दुधाचा, कुंथलगिरीच्या खव्याचा. अशा भागात घरखर्चाचा आकडा संकलन केंद्रावर ठरतो. तिथल्या काही नव्या यंत्रांना आता एकच पडदा असतो, तोही केंद्रचालकाकडे तोंड करून. फॅट किती लागली हे दूध घालणाऱ्याला मागाहून मोबाईलवर कळतं. हे खुपणारं आहे, कारण समोरासमोरचा दुसरा डिस्प्ले या राज्यातल्या पोरांनी कधीच जमवला होता.

त्या जमवाजमवीच्या मुळाशी दोन चिपा. इंटेलची 8051 ही मायक्रोकंट्रोलर चिप 1980 ची. हिताचीचा एचडी44780 हा डिस्प्ले-नियंत्रक त्याच दशकातला. पुढे ॲटमेलची 89सी51 आली, पुन्हापुन्हा प्रोग्रॅम भरता येणारी, आणि डिप्लोमाच्या प्रयोगशाळांत रुळली.

तिथल्या पोरांच्या दूध-संकलन यंत्राच्या प्रोजेक्टांचा खरा बहर 2000 नंतरच्या दहा वर्षांतला. पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सोळा बाय दोनचा डिस्प्ले आणायचा आणि झीरो पीसीबीवर सोल्डरिंग करत रात्र काढायची. चालकाला एक आणि शेतकऱ्याला एक असे दोन डिस्प्ले स्वतंत्र जोडले, तर प्रत्येकी आठ डेटा, आरएस (आलेली आज्ञा की अक्षर हे सांगणारी) आणि इनेबल धरून वीस पिना जात. चिपला अशा वापरता येण्याजोग्या होत्या बत्तीस. काटा, कीपॅड, प्रिंटर कुठे लावणार? तोड सोपी होती. डेटा आणि आरएसच्या वायरी सामाईक, वाचायचं की लिहायचं ठरवणारी आरडब्ल्यू ग्राउंडला, फक्त इनेबल वेगळी. ज्याच्या इनेबलला ठोका मिळेल तोच डिस्प्ले अक्षर उचलतो, दुसरा त्याच वायरींवर असून गप्प. डेटाच्या चारच वायरी वापरणाऱ्या चार-बिट पद्धतीत सगळं सात पिनांत बसे, आणि तिसऱ्या डिस्प्लेला आणखी एकच पिन लागे.

चुकलं की लगेच दिसे. इनेबलच्या दोन वायरी चिकटल्या की दोन्हीकडे एकच मजकूर. सुरुवातीच्या आज्ञा पोचल्या नाहीत की वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन. तयार प्रोजेक्ट विकत घेणाऱ्यांना तोंडी परीक्षेत हे चौकोन कधी समजावता आले नाहीत. 

मराठीचं दुखणं वेगळंच. एचडी44780च्या प्रचलित आवृत्तीत जपानी काताकाना अक्षरं तयार होती, देवनागरीचं एकही नव्हतं. स्वतःची अक्षरं फक्त आठ, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं. ‘ईट’ दोन घरांत मावे, पण दोन घरांमधल्या फटीत शिरोरेषा तुटे. शिवाय प्रत्येक डिस्प्लेची स्मृती वेगळी, म्हणून अक्षरं दोन्हींत भरावी लागत. पोरांनी तेही केलं.

आर्डुइनो हा तयार मायक्रोकंट्रोलर बोर्ड 2005 चा. तो रुळला तशी वायरींची कटकट संपली. पीसीएफ8574 या जोडचिपला पत्त्याच्या तीन पिना आहेत, म्हणजे दोनच तारांवर आठ डिस्प्ले. इतकं सोपं झाल्यावर शेतकऱ्याच्या बाजूचा एक डिस्प्ले काढून टाकायला तांत्रिक कारण उरतच नाही. यंत्र मागवताना दूध संस्थांनी तो अटीतच लिहून घ्यावा, आणि त्यावर आकड्यांशेजारी मराठीही मागावी.