घर लेकीचे, वाट पुरुषांची : आचेनी गावजीवनाचा मागोवा

सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरील आचे प्रांताचा इतिहास सहसा सुलतान, मिरीचा व्यापार आणि डचांविरुद्धचे युद्ध यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु पिडी आणि आचे बसार या भातशेतीच्या भागांतील लहान गावाकडे पाहिले, तर त्या घडामोडींमागे मालमत्ता आणि प्रवास यांची एक जुनी सांगड दिसते. घर आणि भातखाचरे बहुतांशी स्त्रियांकडे राहिली, तर पुरुषांच्या कमावत्या वयाचा मोठा भाग गावाबाहेर गेला. या व्यवस्थेचा मागोवा घेताना दोन अभ्यास विशेष उपयोगी पडतात : डच प्राच्यविद्यापंडित स्नूक हुर्खोन्ये यांचा १८९३-९४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जेम्स सीगल यांचे १९६० च्या दशकातील क्षेत्रकार्यावर आधारलेले ‘द रोप ऑफ गॉड’ (१९६९) हे पुस्तक. पैकी पहिला ग्रंथ आचेनी प्रतिकार मोडून काढू पाहणाऱ्या वसाहती सरकारसाठी लिहिलेला असल्याने त्यातील बारकावे मोलाचे असले, तरी निष्कर्ष पारखूनच घ्यावे लागतात.

आचेनी गावाला ‘गामपोंग’ म्हणतात. त्याचा कारभार ‘केउचिक’ म्हणजे गावप्रमुख आणि ‘तेउंगकू’ म्हणजे धर्मकार्य पाहणारा अधिकारी या दोघांकडे असे, आणि गावकरी पहिल्याला गावाचा बाप तर दुसऱ्याला गावाची आई मानत. त्यांना जाणत्या वडीलधाऱ्यांचे मंडळ सल्ला देई. अनेक गामपोंग मिळून ‘मुकिम’ होई, आणि त्याहून मोठ्या प्रदेशावर ‘उलेबालांग’ या वंशपरंपरागत सरदाराची सत्ता चाले. गावाच्या मध्यभागी ‘मेउनासाह’ ही सार्वजनिक इमारत असे. तेथे नमाज, कुराणपठण आणि गावबैठका होत, तसेच वयात आलेले मुलगे, पाहुणे आणि घटस्फोटित पुरुष रात्री तेथेच झोपत. मुलगा मोठा होऊ लागला, की आईच्या घरातून तो असा आधी मेउनासाहत आणि पुढे गावाबाहेर जाई.

घराची रचनाही याच व्यवस्थेला धरून होती. लाकडी खांबांवर जमिनीपासून बरेच उंच उभारलेल्या घराचे तीन भाग असत : पुढचा ओटा पुरुष पाहुण्यांसाठी, मागचा भाग स्वयंपाकासाठी व स्त्रियांच्या वावरासाठी आणि या दोहोंमधला किंचित उंचावलेला भाग झोपण्याच्या खोलीसाठी. ही खोली लग्न झालेल्या मुलीला मिळे, आणि आईवडील आपले बिऱ्हाड घराच्या दुसऱ्या भागात हलवीत. घराखालच्या मोकळ्या जागेत पायाने दाबून भात कांडण्याचे लांब लाकडी साधन असे. सांधे खुंट्यांनी आणि पाचरींनी बसवलेले असल्यामुळे सबंध घर सुटे करून दुसऱ्या जागी पुन्हा उभारता येई, त्यामुळे घर आणि त्याखालची जमीन यांचा व्यवहार वेगवेगळा होऊ शके.

विवाहानंतर नवरा मुलगा मिरवणुकीने वधूच्या घरी येई आणि पुढे तेथेच त्याची ये-जा राही. मेहेर सोन्याच्या ‘मायम’ या मापात ठरे. एक मायम साधारण ३.३ ग्रॅमचा असतो. सुरुवातीची काही वर्षे किंवा पहिले मूल होईपर्यंत मुलीचा खर्च तिचे आईवडील चालवीत आणि त्यानंतर विधिपूर्वक तिची चूल वेगळी करून देत. ऐपतीप्रमाणे त्या वेळी घर आणि भातखाचराचा तुकडा तिच्या नावे होई. या देणगीला ‘पेउनुलांग’ मालमत्ता म्हणतात. वाडवडिलांकडून आलेली मालमत्ता आणि पतिपत्नींनी मिळून कमावलेली मालमत्ता या दोन्हींपेक्षा ती निराळी मानली जाते. इस्लामी वारसाहक्कानुसार मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा मिळतो; परंतु आईवडिलांनी जिवंतपणी दिलेली देणगी वारशाच्या वाटणीत येत नसल्यामुळे शरियतचा नियम न मोडता घर मुलीकडे जाऊ शकले. या रिवाजामुळे बहिणींची घरे शेजारीशेजारी वसत गेली आणि जावई त्या वस्तीत बाहेरून आलेला माणूस ठरला. अडीअडचणीला खाचर ‘गाला’ म्हणजे सोन्याच्या मोबदल्यात गहाण टाकले जाई. सोने परत मिळेपर्यंत पीक धनकोच खाई. ज्यांना स्वतः शेती करणे जमत नसे, ते ‘मावाइह’ या अर्धलीच्या पद्धतीने जमीन दुसऱ्याला कसायला देत.

जमीन अशी स्त्रियांकडे गेल्यावर तरुण पुरुषासमोर कमाईची वाट गावाबाहेरच उरत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही वाट मिरीच्या मळ्यांकडे जाई. १८२० च्या दशकात जगातील मिरीच्या उत्पादनाचा निम्म्याच्या आसपास वाटा आचेचा होता, आणि अमेरिकेतील सेलम बंदराची जहाजे पश्चिम किनाऱ्यावर मिरी भरायला येत असत. मळे जंगल तोडून वसवले जात. मळ्याचा म्होरक्या भांडवल उचलून मजुरांना आगाऊ रक्कम देई आणि वेली फळाला येईपर्यंत सारेजण त्या उचलीवर जगत. पुढे पूर्व किनाऱ्यावरील इदी आणि लांगसाच्या परिसरात नवे मळे उभे राहिले, आणि तेथील माल पिनांगच्या बाजारात जाऊ लागला. धर्मशिक्षणासाठी दूरच्या ‘दायाह’ म्हणजे निवासी पाठशाळेत जाणे आणि हजला जाणे हाही प्रवासाचाच भाग होता. हबीब बुगाक यांनी १८०९ मध्ये मक्केत आचेनी यात्रेकरूंसाठी वक्फ केलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नातून आचेच्या हाजींना आजही रक्कम मिळते.

१८७३ मध्ये सुरू झालेल्या डच युद्धाने ही घडी विस्कटली. सुलतान १९०३ मध्ये शरण आला, तरी चकमकी पुढेही चालू राहिल्या आणि अनेक कुटुंबे मलाया द्वीपकल्पात जाऊन वसली. सैन्यासाठी घातलेला ७५० मिलिमीटर रुंदीचा अरुंद लोहमार्ग पुढे पूर्वेकडे वाढत गेला आणि त्यावरून गावोगावचे लोकही प्रवास करू लागले. परंतु मिरीचा धंदा मात्र खालावत गेला आणि १९३० च्या दशकातील मंदीत भाव कोसळले. डचांनी हाताशी धरलेल्या उलेबालांगांनी याच काळात, विशेषतः पिडीत, जमिनी बळकावल्या. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ‘पूसा’ या उलेमांच्या संघटनेला मिळालेल्या पाठिंब्यामागे धार्मिक सुधारणेची ओढ होतीच, शिवाय कमाईची वाट बंद झालेल्या पुरुषांची अस्वस्थताही होती. डिसेंबर १९४५ मध्ये पिडीत पेटलेल्या संघर्षात सरदारवर्ग संपुष्टात आला आणि त्यांच्या मालमत्ता जप्त झाल्या. सत्ता अशी उलथली, तरी लेकीला घर देण्याचा रिवाज चालूच राहिला.

सीगल यांनी १९६० च्या दशकात पाहिलेला पुरुष कापड आणि किरकोळ मालाचा व्यापारी होता. पूर्वेकडील शहरांत दुकान चालवून तो मुख्यतः रमजानमध्ये घरी परते. रमजानच्या आदल्या एकदोन दिवसांत, म्हणजे ‘मेउगांग’ला, नवऱ्याने घरी मांस आणलेच पाहिजे अशी रीत होती, आणि ते न आणणाऱ्याला सासुरवाडीत मान वर करता येत नसे. पहिले काही दिवस त्याला गोडधोड मिळे. पैसे सरत आले, की आदर ओसरे आणि कुरबुरी सुरू होत. स्वतःच्या मिळकतीचे घर नसलेल्या या पुरुषाला खरी प्रतिष्ठा बाजारपेठेत आणि मशिदीतच मिळे.

१९७६ मध्ये सुरू झालेले स्वतंत्र आचेचे बंड आणि १९८९ ते १९९८ या काळातील लष्करी कारवाई यांमुळे प्रवासाचा अर्थच बदलला. कमाईसाठी जाणारे पुरुष आता जीव वाचवण्यासाठी मलेशियाकडे निघाले आणि शेती, घर, मुले यांचा सारा भार गावात राहिलेल्या स्त्रियांवर पडला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आचेत सुमारे पावणेदोन लाख माणसे मृत वा बेपत्ता झाली. किनाऱ्यालगतच्या अनेक गावांत त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक होती. त्या सकाळी पुष्कळ पुरुष समुद्रावर किंवा कामानिमित्त बाहेर होते आणि स्त्रिया मुलांबाळांसह घरी होत्या, हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

लाटेबरोबर बांध आणि खुणेची झाडेही वाहून गेली. बहुतेक जमिनींची सरकारी नोंद झालेली नसल्याने मालकीचा आधार शेजाऱ्यांच्या आठवणीवरच होता. ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकी येथे शांतता करार झाला आणि त्याच सुमारास जमिनींच्या नोंदणीचा व्यापक कार्यक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून हद्दी ठरवाव्यात आणि त्यांवरून प्रमाणपत्रे द्यावीत, अशी त्याची पद्धत होती. पतिपत्नींच्या संयुक्त नावाला त्यात वाव होता, पण त्याचा वापर मर्यादित राहिला. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्याने पती हाच कुटुंबप्रमुख मानला असल्याने सरकारी कागदावर त्याचे नाव सहज पुढे येते.

या मागोव्यातून एक गोष्ट ठळक होते. युद्ध, मंदी आणि राज्यक्रांती यांनी पुरुषांच्या वाटा वारंवार बदलल्या, परंतु स्त्रियांच्या घरावरील हक्काला फारसा धक्का लागला नाही, कारण तो हक्क सबंध गावाला ठाऊक होता आणि गावानेच तो मान्य केलेला होता. प्रमाणपत्राने मात्र गावाच्या साक्षीची जागा नोंदीला दिली. त्यामुळे चूल वेगळी करताना आईवडील लेकीच्या नावे देणगीची नोंद करून घेतात की नाही, यावर आता त्या व्यवस्थेचे भवितव्य अवलंबून आहे.