कामाचे हात, आखूड नखं

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर बायकांची हिमोग्लोबिन तपासणी ठेवली होती. बोट टोचायचं म्हणजे एकेकीचा हात हातात घ्यावा लागतो. चार घरची धुणीभांडी करणारी एक मैत्रीण आली आणि तिनं डावा हात पुढं केला. उजवा पदराखाली. म्हणाली, “सिस्टर, हाच घ्या. तो दाखवण्यासारखा नाही.”

मी म्हटलं, दाखव तर खरं. मधल्या बोटाला नखुरडं झालं होतं. नखाच्या कडेला लालभडक सूज, आत पू, आणि ठणक्यानं दोन रात्री झोप नाही. लिंबाची टोपी घालून झाली होती, हळद-तेल बांधून झालं होतं. मागं तिची अकरावीतली मुलगी रडवेली होऊन उभी होती. भाच्याच्या लग्नाला जायचं म्हणून तिनंच मोबाईलवर बघून आईला घरी मॅनिक्युअर केलं होतं. कोमट पाण्यात हात बुडवले, नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी नेलकटरनं कापून काढली, वरून गुलाबी नेलपॉलिश. नखं सुंदर दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आईचे हात पुन्हा भांड्यांच्या साबणात.

सरकारी दवाखान्यात पू काढावा लागला, गोळ्या घ्याव्या लागल्या आणि पाच दिवस पाण्यात हात घालायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन घरांनी त्याचे खाडे धरले. “आपल्या हाताला असले लाड परवडत नाहीत,” असं ती मला म्हणाली. पैशांचा हिशोब बरोबर होता, पण म्हणणं मला पटलं नाही. चुकलं होतं ते एकच: जी कातडी कापायची नव्हती ती कापली. बाकी लेकीनं केलं ते चांगलंच केलं होतं.

आरोग्याच्या पानावर नखं रंगवण्याचं काय काम, असं कुणाला वाटेल. १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले तेव्हा लुगडं नेसायची जुनी पद्धत सोडा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, नीटनेटक्या राहा, हेही त्यांनी सांगितलं होतं. नीटनेटकं राहणं त्यांनी क्षुल्लक मानलं नव्हतं. म्हणून आज नखांवरच बोलू, तेही आखूड नखांवर, कारण आपल्यातल्या बहुतेकींची तशीच असतात आणि तशीच असलेली बरी.

नर्सिंगला होते तेव्हा वॉर्डात जाण्याआधी ट्यूटर आम्हाला रांगेत उभं करून नखं बघायच्या. तेव्हा राग यायचा. पण लांब नखाखाली मळ आणि जंतू राहतात, नीट हात धुतले तरी पूर्ण निघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णसेवा करणाऱ्यांनी नैसर्गिक नखांचं टोक अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवावं, कृत्रिम नखं लावू नयेत, असं सांगितलं आहे. जी बाई पोळ्या लाटते, लेकरू न्हाऊ घालते, म्हाताऱ्या सासूचं सगळं करते, तिलाही हेच लागू.

आता ती कातडी. नख जिथून बाहेर येतं तिथं त्याला चिकटून एक पातळ पापुद्रा असतो. पार्लरमध्ये त्याला क्यूटिकल म्हणतात आणि घाण समजून कापतात. ती घाण नाही. कुकरच्या झाकणाची रिंग जे काम करते तेच तिचं काम आहे. नख आणि कातडी यांच्यामधली फट ती बंद ठेवते. ती कापली की पाणी, साबण आणि जंतू सरळ आत. ज्यांचे हात दिवसाचे चार-पाच तास ओले असतात त्यांची ही रिंग आधीच फुगून सैल झालेली असते. म्हणून नखुरडं जास्त करून भांडी घासणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या, हॉटेलच्या मोरीत काम करणाऱ्या बायकांना होतं. कडेला उभी राहिलेली साल दातानं ओढायची सवयही तितकीच वाईट. ती साल स्वच्छ नेलकटरनं मुळाजवळ कापावी, ओढू नये.

घरच्या मॅनिक्युअरला आठवड्यातून वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. वेळ रात्रीची ठेवा, शेवटचं भांडं घासून झाल्यावर, कारण त्यानंतर सकाळपर्यंत हाताला विश्रांती मिळते. नखं कोरडी असतानाच आधी कापून घ्या. बोटाच्या टोकाला जसा आकार आहे तसाच नखाला द्या, कोपरे खोल कोरू नका. मग नेलफाईल कडेकडून मध्याकडे एकाच दिशेनं फिरवा. करवतीसारखी पुढंमागं घासली की नखाचे पदर सुटतात. ओल्या नखावर फाईल चालवू नका, पाण्यानं फुगलेलं नख लवकर चिरतं.

त्यानंतर वाडग्यात कोमट पाणी आणि अंगाच्या साबणाचा थोडा फेस. पाचेक मिनिटं पुरे, जास्त वेळ भिजवून फायदा नाही. जुन्या मऊ टूथब्रशनं नखाखाली हलक्या हातानं घासा. सेफ्टी पिननं कोरू नका, त्यानं नख खालच्या मांसापासून सुटतं. टॉवेलनं पुसताना मुळाची कातडी टॉवेलच्या टोकानंच अलगद मागं सारा. जेवढी सरकेल तेवढीच. सरकली नाही तर राहू द्या.

मग खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब किंवा पेट्रोलियम जेली प्रत्येक नखाच्या मुळाशी चोळा. खरं सांगायचं तर या सगळ्यातलं हे एकच काम रोज केलं आणि बाकी काही केलं नाही तरी महिनाभरात हात वेगळे दिसतात. नखं चमकवायची असतील तर तेल चोळल्यावर मऊ सुती फडक्यानं जोरात पुसा. बाजारात मिळणारा बफर महिन्यातून एकदा, तोही हलका. रोज घासला तर नख पातळ होत जातं.

लिंबू घासू नका. लिंबानं डाग निघतात असं सगळ्या सांगतात, पण भेगा पडलेल्या, साबणानं सोलवटलेल्या कातडीवर ते झोंबतं आणि ती अजून कोरडी पडते. हळदीचा पिवळेपणा दोन-तीन दिवसांत आपला आपण जातो.

आता नटण्याचं. आखूड नखाला रंग शोभत नाही हा गैरसमज आहे. मरून, वांगी, गडद निळा हे रंग आखूड नखावरच जास्त नीट दिसतात. युक्ती एवढीच की ब्रश तीनदा फिरवायचा, आधी मधोमध, मग दोन्ही बाजूंना, आणि कडेला केसाएवढी जागा रिकामी सोडायची. नख लांबट दिसतं. दोन पातळ थर द्या, मधे तीन-चार मिनिटं थांबा. एक जाड थर लवकर सुकत नाही आणि सालीसारखा निघतो. पाण्यात काम असेल तर गडद रंगाचे टवके लगेच नजरेत येतात. मग पारदर्शक किंवा कातडीशी मिळताजुळता रंग घ्या. दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून जी बाटली देतात ती बहुतेकदा फिकट गुलाबी असते. कोणाची स्किन, ते दुकानदाराला विचारावं. आपल्या सावळ्या हाताला चॉकलेटी, तांबूस, विटकरी छटा छान मिळतात, अंगठ्याला लावून बघून घ्या. टोकाला पांढरी रेघ हवी असेल तर चिकटपट्टीचा तुकडा लावून वरचं टोक रंगवा. ठिपके द्यायला टूथपिक पुरते. दहाही बोटांवर ठिपके देण्यापेक्षा अनामिकेवर तीन ठिपके जास्त खुलतात, असं मला आपलं वाटतं.

मेंदी तर आपल्या आज्यांपासूनची. नखावर मेंदीचा रंग चढतो तो निघत नाही, नखाबरोबर वाढत पुढं जातो, आणि भांड्यांचा साबण त्याचं काही बिघडवू शकत नाही. पाल्याची किंवा साधी पूड भिजवलेली मेंदी घ्या. ‘काळी मेंदी’ मात्र घेऊ नका. तिच्यात केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असतं आणि काहींना त्यानं फोड येऊन कायमचे डाग राहतात. ऑपरेशन किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर नखं कोरीच ठेवा. नखाच्या रंगावरून आणि बोटाला लावायच्या चिमट्यावरून आम्ही ऑक्सिजनचा अंदाज घेत असतो.

एक धोका कोणी सांगत नाही. नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. एका खोलीच्या घरात गॅस पेटलेला असताना, देव्हाऱ्यातली किंवा प्रतिमेपुढची मेणबत्ती जळत असताना बाटली उघडू नका. खिडकी उघडी ठेवा. रिमूव्हर आठवड्यातून एकदाच, आणि नंतर तेल. पॉलिश ब्लेडनं खरवडलं की नखाचा वरचा पदरही बरोबर निघतो.

घरात नेलकटर एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो, सासऱ्यांच्या बुरशी लागलेल्या पायापासून लेकराच्या बोटापर्यंत. बुरशी अशीच पसरते. रक्त निघालं असेल तर प्रश्न आणखी मोठा, कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. प्रत्येकाचा वेगळा ठेवता आला तर उत्तम. नाही तर साबणानं धुऊन, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटनं पुसून, वाळवून मगच दुसऱ्याला द्या. ज्याची नखं खराब आहेत त्याचा मात्र वेगळाच हवा.

काही गोष्टी नेलपॉलिशखाली झाकू नका. नख मधोमध चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर रक्त तपासा, लोह कमी असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, म्हणजे हे दुर्मीळ नाही. नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं तर बुरशीची तपासणी करा. पांढऱ्या ठिपक्यांना मात्र घाबरू नका. ते बहुतेक वेळा मार लागल्याचे असतात, कॅल्शियम कमी असल्याचे नव्हे. सावळ्या कातडीच्या माणसांत नखांवर काळपट उभ्या रेघा पुष्कळदा दिसतात आणि त्या साध्या असतात. पण एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला तर त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. शुगर असेल तर बोटाची छोटी जखमही घरी मुरवत ठेवू नका. आणि नखुरड्यात पू झाला तर सुई टोचून घरी फोडू नका.

हातमोज्यांबद्दल त्या मैत्रिणीशी बराच वेळ बोलणं झालं. रबरी मोज्याच्या आत पातळ सुती मोजा घातला तर घाम टिपला जातो. आत पाणी शिरलं तर मोजा लगेच काढायचा, नाही तर तो न घातलेला बरा. “मागितले तर देतील का?” तिचा प्रश्न. मी म्हटलं, झाडू त्या देतात, साबण त्या देतात, मोजे त्याच यादीतले. तिनं चारही घरी मागितले. तीन घरांनी दिले. चौथ्या घरी, मोज्यानं भांडी नीट निघत नाहीत, असं उत्तर मिळालं. तिथं ती स्वतःचे घेऊन जाते आणि पगारवाढीच्या वेळी त्याचे पैसे धरायचं तिनं ठरवलंय.

परवा लेकीनं पुन्हा आईची नखं केली, यावेळी कात्री-कटर बाजूला ठेवून. रंग आईनं स्वतः निवडला, गडद मरून. मधल्या बोटाला लावला नाही. तिथलं नख मुळाशी खडबडीत झालंय. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ते पूर्ण नवं यायला सहा महिने तरी लागतील.