तुफानचं ‘ऑपरेशन’

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर मराठी, सासर कन्नड. त्यामुळे एकाच शब्दावरून दोन अर्थ निघणं हे आम्हाला नवं नाही. पण गेल्या वर्षी ‘पाप’ या एका शब्दानं घर चांगलंच ढवळून निघालं. निमित्त होतं आमच्या तुफानचं.

तुफान जातिवंत मुधोळ. सासूबाईंच्या भावानं, म्हणजे मामांनी, मुधोळजवळच्या गावाहून पिल्लू असताना आणून दिलेला. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. त्यामुळे मामांना त्याचा कोण अभिमान! ‘याची पिल्लं झाली की पहिलं माझं,’ हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलेलं.

भाद्रपदात तुफान पळाला. तीन दिवस पत्ता नाही. चौथ्या दिवशी परतला तो फाटलेला कान आणि सुजलेला पाय घेऊन. कुठल्या तरी गाडीचा धक्का बसला असावा. जनावरांच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि सहज विचारलं, ‘नसबंदी का करत नाही?’

घरी विषय काढला आणि सासूबाई म्हणाल्या, ‘पाप, मूक प्राणि ऐती!’ कन्नडमधलं ते ‘पाप’ म्हणजे बिचारा. पण माझ्या मराठी कानांना ऐकू आलं ते आपलं पाप. मी दोन दिवस अस्वस्थ. गंमत म्हणजे घरातले पुरुष या विषयावर एकदम गप्प! यजमान तर वर्तमानपत्रातून डोकंच वर काढेनात. शेवटी मीच पुन्हा डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. या शस्त्रक्रियेत वृषण काढतात. त्यामुळे वृषणाच्या कर्करोगाची भीती राहत नाही, उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढण्याचा त्रास टळतो, मादीमागे भटकणं आणि जागोजागी पाय वर करणं बऱ्याचदा कमी होतं. पण भीतीपोटी भुंकणारा, अंगावर धावणारा कुत्रा यानं शहाणा होईलच असं नाही. त्यासाठी शिकवणच हवी. वजन वाढतं, म्हणून खाणं मोजून द्यावं लागतं. मोठ्या चणीच्या काही जातींत फार लहान वयात शस्त्रक्रिया केली तर सांध्यांचे विकार वाढू शकतात, म्हणून वाढ पूर्ण होऊ द्यावी. आणि मुधोळसारख्या सडपातळ कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी. त्यामुळे भुलीचं औषध जपून निवडावं लागतं. तुफान तीन वर्षांचा होता, म्हणजे वयाची अडचण नव्हती.

आमचे सासरे मूळचे शेतकरी. त्यांनी वाद एका वाक्यात मिटवला. ‘बेंदराला आपण ओवाळतो ते बैल कोण? खच्ची केलेलेच ना? त्यांना कुणी कमी मानलं?’ माझ्या मनातलं ‘पाप’ तिथंच निम्मं उतरलं. राहिलेलं निम्मं मामांचं होतं.

मामांना मी आधी कळवायला हवं होतं. ते राहून गेलं, ही चूक माझीच. शस्त्रक्रिया झाल्यावर फोन केला, तेव्हा पलीकडून एवढंच आलं, ‘हिंग्याक माडिद्री?’ असं का केलंत? मग शांतता. मी त्यांना त्या तीन दिवसांची हकीकत सांगितली. फाटक्या कानाची, रात्री दार उघडं ठेवून बसल्याची. वंश चालायला हवा हे खरं, पण रस्त्यावर भटकून झालेल्या पिल्लांनी जात थोडीच टिकते? त्यासाठी आईबाप पारखून निवडावे लागतात. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘असू दे. त्याचा भाऊ आहे माझ्याकडे.’

टाके सुकेपर्यंत दहा-बारा दिवस तुफानच्या गळ्यात ती प्लॅस्टिकची मोठी गळपट्टी होती. दारात अडकायचा, बिचारा. डॉक्टरांनी बजावलं होतं की सवयी लगेच जात नाहीत, काही आठवडे मादीपासून लांबच ठेवा. तेवढं पाळलं. यंदाच्या भाद्रपदात तो फाटकाशी उभा राहून हुंगत राहिला, पण पळाला नाही.

वाचकहो, प्रत्येकानं हेच करावं असं मी म्हणणार नाही. कुत्र्याची जात, वय, तब्येत पाहून डॉक्टरांशी बोला. आणि घरातल्या थोरांना आधी सांगा!

पहिल्या रात्री भुलीतून जागा झालेल्या तुफानला सासूबाई मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘पाप...’ या वेळी मला ते कन्नडमध्येच ऐकू आलं.