‘पोचले’ म्हणजे कोणाच्या हाती पोचले?

देवळ्यातील एका माध्यमिक शाळेतील तरुण शिक्षणसेवकाने धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी बारा हजार रुपयांचा टॅब्लेट इंटरनेटवरून मागवला, अशी कल्पना करावी. पैसे अर्थातच आगाऊ भरलेले. दुपारी चौथा तास चालू असताना त्याच्या मोबाइलवर संदेश येतो, की आपली वस्तू ‘डिलिव्हर्ड’, म्हणजे पोचती झाली आहे. तो घरी फोन करतो. घरी कोणीही आलेले नसते. शेजारी विचारून होते, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारून होते, वस्तूचा पत्ता नाही. रात्री तो तक्रार नोंदवतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर येते, की आमच्या नोंदीनुसार वस्तू पोचती झालेली असल्यामुळे आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून दरमहा अठरा हजार रुपये करण्यात आले. बारा हजार म्हणजे त्याच्या महिन्याच्या कमाईचा दोन-तृतीयांश भाग. ज्या कंपनीकडे दररोज लाखो पुडकी हाताळली जातात, तिच्या हिशेबात ही रक्कम सांडलवंडीच्या खात्यातही ठळकपणे दिसणार नाही. तरीही या दोघांत जो वाद उभा राहतो, त्यात पुरावा मागितला जातो तो शिक्षणसेवकाकडून. वस्तू मिळाली नाही हे त्याने सिद्ध करावयाचे! न घडलेली गोष्ट घडली नाही, याचा पुरावा जगात कोणी कसा द्यावा, हे सांगण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडत नाही.

दूरच्या विक्रेत्याकडून माल मागवण्याची पद्धत आपल्याकडे काही नवी नव्हे. टपाल खात्याने व्ही. पी. पद्धत सुरू केली ती १८७७ साली. पुस्तके, औषधे, घड्याळे, बी-बियाणे अशा कितीतरी वस्तू या मार्गाने आडगावी पोचल्या. या पद्धतीची खुबी अशी, की अनोळखी विक्रेता आणि अनोळखी ग्राहक यांच्यामध्ये टपाल खाते उभे असे. पुडके हाती पडल्याखेरीज ग्राहकाचा पैसा जात नसे, आणि पैसा दिल्याखेरीज पुडके हाती पडत नसे. १८८० साली सुरू झालेल्या मनीऑर्डरीचेही तेच. मुंबईच्या गिरणीतून मुलाने धाडलेले पैसे म्हाताऱ्या आईला मिळाले, हे मुलाला कळे ते तिच्या अंगठ्याचा ठसा असलेली पावती परत आल्यावर. पोस्टमनने ‘दिले’ म्हटले एवढ्याने काम भागत नसे. ज्याला मिळाले त्याची खूण लागे.

टपाल खाते म्हणजे सद्गुणांचा पुतळा होते, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. १८९८ च्या टपाल कायद्यातील सहाव्या कलमाने वस्तू हरवणे, भलत्याच्या हाती पडणे किंवा उशिरा पोचणे यांच्या जबाबदारीतून सरकारने स्वतःला मोकळे करून घेतले होते आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ही ढाल बव्हंशी तशीच ठेवलेली आहे. २०२५ साली रजिस्टर टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. परंतु कायद्याने जबाबदारी नाकारणाऱ्या त्या खात्याच्या रोजच्या कामकाजात घेणाऱ्याच्या सहीला जे स्थान होते, ते आजच्या चकचकीत व्यवहारात उरलेले नाही, एवढे नमूद करणे भाग आहे.

प्रश्न पत्त्याचाही आहे. आपल्या पत्त्याच्या शेवटी आपण जो पिनकोड लिहितो, त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. वेलणकर संस्कृतचे नामवंत पंडित व नाटककारही होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत अमलात आली. तिच्या सहा आकड्यांपैकी पहिला विभाग दाखवतो (महाराष्ट्राचा ४), शेवटचे तीन टपाल कार्यालय दाखवतात. म्हणजे पिनकोड पुडके आणून सोडतो ते कार्यालयाच्या दारापर्यंत. तेथून घरापर्यंतचा रस्ता पोस्टमनच्या डोक्यात असतो. देवळा तालुक्यात तर हे अधिकच खरे. दहिवड, मेशी, खर्डे या बाजूला कितीतरी कुटुंबे गावठाणात राहतच नाहीत. ती आपापल्या मळ्यात राहतात. घराला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही. ‘अमक्याचा मळा, तमक्या फाट्यापासून आत’ एवढाच त्यांचा पत्ता. वर्षानुवर्षे तोच बीट फिरणाऱ्या पोस्टमनला तो पुरतो. चार महिन्यांपूर्वी कामावर लागलेल्या आणि आणखी चार महिन्यांनी कदाचित काम सोडून गेलेल्या मुलाला तो पुरत नाही. टपाल खात्याने २०२५ साली ‘डिजिपिन’ नावाची दहा अक्षर-अंकांची नवी पद्धत आणली आहे. तिच्यात देशाची भूमी सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागली असून प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र खूण दिली आहे. ती रुळली तर मळ्यातल्या घरालाही नेमका पत्ता मिळेल. पण पत्ता नेमका झाला म्हणून नोंद खरी होते असे नाही.

नोंद खोटी का होते, हे समजून घेतले पाहिजे. पुडकी वाटणारा तो मुलगा बहुधा पुडक्यामागे ठरावीक दराने कमावतो. पेट्रोल त्याचे, मोटारसायकल त्याची. आत मळ्यात चार किलोमीटर जाऊन यावे तर त्या एका पुडक्यापायी सारी कमाई धुऊन जाते. पुडके परत न्यावे तर दिवसाचा हिशेब बिघडतो. मग ग्राहकाला फाट्यावर बोलावणे, गावातल्या टपरीवर पुडके ठेवून देणे, किंवा आधी ‘पोचले’ असे बटण दाबून ठेवून उद्या देऊ असे मनाशी ठरवणे, हे सगळे ओघाने येते. फोनवरून सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, विचारून घेण्याचा प्रकार यातलाच. ग्राहक भाबडेपणाने तो सांगतो आणि त्या क्षणी, वस्तू दृष्टीस पडण्यापूर्वीच, त्याच्या बाजूचा एकमेव पुरावा त्याच्या विरुद्ध उभा राहतो. या वाटेत कोठेतरी काही पुडकी चोरीला जातात, हे खरे. तथापि चोरी सोपी का झाली, याचे उत्तर चोराच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कामाच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

ही रचना कशी असावी, याचा एक नमुना याच तालुक्यात आहे. उमराण्याच्या बाजार समितीत शेतकरी कांद्याची ट्रॉली आणतो. वजन किती भरले हे शेतकऱ्याने सांगावयाचे नसते आणि व्यापाऱ्यानेही सांगावयाचे नसते. १९६३ च्या कायद्याने उभ्या केलेल्या व्यवस्थेत वजन करणारा मापारी हा परवानाधारक, बाजार समितीला बांधलेला तिसरा माणूस असतो. भुईकाटे आल्यापासून त्याचे काम कमी झाले आणि हमाली-तोलाईच्या कपातीवरून २०२४ साली नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडण्यापर्यंत वेळ आली. पण व्यापाऱ्याने घरच्या काट्यावर, शेतकऱ्याच्या पाठीमागे, स्वतःच्या नोकराकडून वजन करून घ्यावे आणि तोच आकडा अंतिम मानावा, असे त्या भांडणातही कोणी सुचवले नाही. तसे सुचवणाऱ्याला उमराण्याच्या आवारात कसली वागणूक मिळेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ऑनलाइन खरेदीत नेमके हेच घडते. माल पाठवणारा, तो नेणारा आणि तो पोचल्याचे प्रमाणपत्र देणारा हे एकाच साखळीतले. मापारी व्यापाऱ्याचाच नोकर!

कायद्याने येथे काही बंदोबस्त केला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार, विक्रेत्याने ग्राहकाकडे पाठवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला, की तो प्रथमदर्शनी ग्राहकालाच मिळाला असे धरले जाते. व्यापारी व्यापाऱ्याकडून माल मागवत होता, वाहतूकदारही अनेकदा स्वतःच निवडत होता आणि मालाचा विमा उतरवत होता, त्या काळाला हे कलम शोभून दिसणारे होते. आजच्या ग्राहकाला वाहतूकदार निवडता येत नाही, बहुतेक वेळा त्याचे नावही आधी कळत नाही. गंमत अशी, की आपला हा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतला गेला आणि त्या इंग्लंडने स्वतः ग्राहकांपुरता तो नियम केव्हाच टाकून दिला. तेथील २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे, वस्तू ग्राहकाच्या किंवा त्याने नेमून दिलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत तिचा धोका विक्रेत्याच्या माथ्यावर असतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशातही हेच तत्त्व आहे. आपण मात्र मूळ मालकाने फेकून दिलेला अंगरखा जपून वापरतो आहोत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात काही गूढ नाही. गुइडो कालाब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चाविषयी लिहिताना एक साधी कसोटी मांडली. नुकसान ज्याला सर्वांत कमी खर्चात टाळता येईल, त्याच्यावर त्याचा भार टाकावा; म्हणजे तो ते टाळण्याचे मार्ग आपणहून शोधतो. पुडके हरवणे कोणाला टाळता येते? शाळेत वर्ग घेत असलेल्या शिक्षकाला खचित नाही. वाटपाचे दर ठरवणे, सही किंवा छायाचित्र घेण्याची सक्ती करणे, मोटारसायकल त्या वेळी कोठे उभी होती याची नोंद तपासणे, हे सारे कंपनीच्या हातचे आहे. पुराव्याच्या कायद्यातही हेच शहाणपण आहे. जी गोष्ट विशेषेकरून ज्याच्या माहितीतली, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, हे १८७२ च्या कायद्यातील कलम १०६ चे तत्त्व २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने खातेदाराच्या संमतीवाचून झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. त्यामुळे बँका बुडाल्या असे काही झाले नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. वस्तू मिळूनही ‘मिळाली नाही’ म्हणणारे महाभाग आहेत. पण तशांना पकडण्याचे साधनही पुन्हा नोंद हेच, आणि नोंद ठेवणे कोणाच्या हाती आहे हे वर आलेच आहे. खोट्या ग्राहकाच्या भीतीने खऱ्या ग्राहकाचे बारा हजार गिळावेत, हा न्याय कोणत्याही पेठेत चालणारा नाही. मात्र भार कंपनीवर टाकताना तो खाली सरकून पुडकी वाटणाऱ्या मुलाच्या मजुरीतून कापला जाणार नाही, हेही पाहावे लागेल. नाहीतर एका गरिबाचे दुसऱ्या गरिबाकडून वसूल करण्याचाच तो प्रकार होईल.

तोवर शिक्षणसेवकाने काय करावे? संदेश आला त्याच दिवशी लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि पुडके कोणाला दिले, सही, छायाचित्र वा ओटीपी काय आहे, त्या वेळचे ठिकाण कोणते, हे नेमके विचारावे. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर धुंडाळू नये. तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात आणि एकदा बुडालेला माणूस तेथे दुसऱ्यांदा बुडतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावयाची आणि महिन्याभरात निवारण करावयाचे आहे. त्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याही पलीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या कायद्यात प्रतिपक्षाचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण घडल्याचे ठिकाण पाहावे लागे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. देवळ्याहून नाशिकला एसटीने जाऊन येण्यात दिवस मोडतो, किरकोळ रजा खर्ची पडते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या शेवटच्या सोयीचे मोल कळेल.

आणि तरीही बारा हजारांसाठी आयोगाची पायरी चढणारे शंभरात किती निघतील? १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, ती एकटा ग्राहक दुबळा असतो हे ओळखूनच. २१ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने ई-कॉमर्स नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला होता. विक्रेत्याच्या हयगयीमुळे माल न पोचून ग्राहकाचे नुकसान झाल्यास ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने त्याची जबाबदारी घ्यावी, असे एक कलम त्यात होते. कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि त्या मसुद्याचे नियम झाले नाहीत. ही दुरुस्ती करण्यास संसदेचीही गरज नाही. २०१९ च्या कायद्याने नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेलाच आहे, आणि ‘ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत’ एवढे चार शब्द त्यात घालावयाचे आहेत.